बेलारूसचे कैदी ‘दंगलखोर’? मग हे वाचाच

परवा मावशीने एक मेसेज पाठवला. काल तोच भावाकडून आला, वर ‘खरं काय ते बघ’ अशी टीप. मेसेजचं म्हणणं असं: बेलारूसच्या तुरुंगात आहेत ते दंगलखोर, कोर्टाने त्यांना रीतसर शिक्षा दिलीय, बाहेरच्यांनी आरडाओरडा केला की त्यांचेच हाल वाढतात, आणि आता सगळे सुटलेत, विषय संपला.

‘दंगलखोर’ वाचून डोकंच फिरलं. कात्सियारिना आंद्रेयेवा आणि दारिया चुल्त्सोवा या बेलसात या स्वतंत्र बेलारूसी टीव्ही वाहिनीच्या पत्रकार. नोव्हेंबर २०२० मध्ये मारहाणीनंतर मरण पावलेल्या रामान बान्दारेन्का या सरकारविरोधी आंदोलकाला आदरांजली वाहायला राजधानी मिन्स्कमध्ये लोक जमले होते. या दोघी एका उंच इमारतीतल्या फ्लॅटमधून ते लाइव्ह दाखवत होत्या. पोलीस दार तोडून आत घुसले. आरोप काय, तर लाइव्ह दाखवून गर्दी जमवली, वाहतूक अडवली! दगड नाही, काठी नाही, हातात फक्त कॅमेरा. दोघींना २-२ वर्षं. चुल्त्सोवा २०२२ च्या सप्टेंबरात शिक्षा भोगून बाहेर आली. आंद्रेयेवाला मात्र त्याच वर्षी जुलैत, सुटका तोंडावर आलेली असताना, बंद दाराआड राजद्रोहाचा खटला चालवून आणखी ८ वर्षं ३ महिने ठोठावले. ‘रीतसर’ म्हणतात ते हे.

हाल वाढतात, यात थोडं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. अनेक कैद्यांना पत्रं दिली जात नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये तर कैद्यांच्या घरच्यांना किराण्याची मदत मिळाली म्हणून त्यांच्या घरांवर छापे पडले. त्यामुळे तिथल्या माणसाशी परस्पर संपर्क साधू नका, पैसे पाठवू नका, घरचे सांगतील तेवढंच करा. पण हाल करतंय कोण? १९९४ पासून खुर्चीवर बसलेला राष्ट्राध्यक्ष लुकाशेन्को. तुरुंगात असलेल्या विरोधी नेत्या मारिया कोलेस्निकोवाची २०२३ च्या फेब्रुवारीपासून दीड वर्षाहून जास्त काळ घरच्यांना काही खबर नव्हती. तेव्हाही तिची बहीण देशाबाहेरून तिच्याबद्दल विचारत राहिली. तिने गप्प बसायला हवं होतं का?

‘सगळे सुटले’ हे तर धादांत खोटं. डिसेंबर २०२५ मध्ये १२३ जण सुटले. त्यांत कोलेस्निकोवा होती, नोबेल विजेते आलेस ब्यालयात्स्कीही होते. बदल्यात अमेरिकेने पोटॅश खतावरचे निर्बंध उठवले. म्हणजे बाहेरच्या दबावाची किंमत लुकाशेन्कोला पक्की कळते. आणि सुटलेल्यांना घरी नाही, थेट देशाबाहेर पाठवलं. ब्यालयात्स्कींनीच १९९६ मध्ये सुरू केलेल्या ‘व्यास्ना’ या मानवाधिकार संस्थेच्या मोजणीनुसार त्यानंतरही हजारावर राजकीय कैदी आतच होते.

व्यास्नाची यादी नावानिशी आहे. मावशी, ती उघड आणि त्यातली पाच नावं वाच. बेलारूसमध्ये या संस्थेला ‘अतिरेकी’ ठरवलंय, तिचा मजकूर पुढे पाठवला म्हणून तिथे माणूस आत जाऊ शकतो. तुला तो धोका नाही.