‘माणसाचा हात न लागलेला’ ब्लू रिज पार्कवे? कुठून आणता हे!

फॉल कलर्सचा, म्हणजे पानगळीआधी झाडं रंग बदलतात तो सीझन आला की हा फॉरवर्ड हमखास फिरतो, यंदाही आलाय आणि खाली हात जोडलेल्यांची रांग. सारांश सांगतो: अमेरिकेतला ब्लू रिज पार्कवे म्हणजे माणसाचा हात न लागलेल्या निसर्गातून काढलेला रस्ता, 1935 ला सुरू झाला नि दोन-तीन वर्षांत पुरा, कुणाची इंचभर जमीन गेली नाही की कुणी कोर्टात गेलं नाही, डोंगर निळे दिसतात ते प्रदूषणामुळे, आणि अख्खा रस्ता एका दिवसात आरामात होतो. शेवटी नेहमीचं, ‘नाहीतर आपल्याकडे बघा’.

‘हात न लागलेला’ हे तर सगळ्यात विनोदी, कारण इतका हात लावलेला निसर्ग शोधून सापडणार नाही. स्टॅन्ली अ‍ॅबट नावाचा विशीतला लँडस्केप आर्किटेक्ट आणि त्याची टीम, कुठल्या वळणावर ड्रायव्हरला काय दिसलं पाहिजे हे त्यांनी कागदावर ठरवलेलं, इथली झाडं तोडून दरी उघडी करा, तिथे ऱ्होडोडेंड्रॉनची फुलझाडं लावा, ते कुरण तसंच ठेवा. घेतलेली जमीन परत शेतकऱ्यांनाच भाड्याने कसायला दिली, का तर गाडीतून शेत आणि गाई दिसल्या पाहिजेत.

व्हर्जिनियातली माइलपोस्ट (मैलाचा दगड) 176 ची मॅब्री मिल बघा, फॉरवर्डमधला फोटो तिचाच आहे. लाकडी पाणचक्की, पुढे तळं, शेजारी ओंडक्यांचं घर, एकदम दोनशे वर्षांपूर्वीचं वाटतं. चक्की खरी आहे, एड मॅब्रीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेली. पण नवरा-बायको राहायचे ते घर होतं फळ्यांचं, पांढरं, दुमजली, आणि ते पुरेसं ‘डोंगरी’ दिसत नाही म्हणून पाडलं आणि दुसरीकडून ओंडक्यांचं घर आणून तिथे उभं केलं! पार्कवेवरच्याच हम्पबॅक रॉक्स या ठिकाणच्या ‘जुन्या वाडी’तली घरंसुद्धा अशीच इकडून तिकडून आणून मांडलेली. दिसतं सुंदर, वाद नाही, पण त्याला सेट म्हणतात.

आता जमीन. नॉर्थ कॅरोलायनात मैलामागे शंभराच्या वर एकर घेतले, रस्त्याची पट्टी नाही, आजूबाजूचा देखावासुद्धा. लिटल स्वित्झर्लंड नावाचं रिसॉर्ट होतं, त्याचा कर्ताधर्ता हेरियट क्लार्कसन हा राज्याच्या सुप्रीम कोर्टाचाच न्यायमूर्ती, त्याची कंपनी कोर्टात गेली, मोबदला वाढवून घेतला आणि पार्कवेची हद्द तिथे अरुंद करून घेतली. ज्याच्याकडे वकील नव्हता त्याचं काय झालं असेल ते आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

आणि चेरोकी लोक, म्हणजे इथले मूळ रहिवासी. आधीचा प्लॅन त्यांच्या सोको खोऱ्यातून होता, डोंगराळ मुलखात जी काय थोडी सपाट शेती होती नेमकी तीच जाणार होती. त्यांच्या कौन्सिलमध्ये कित्येक वर्षं भांडण चाललं आणि 1940 मध्ये पार्कवे वर डोंगरधारेवरून न्यायचा आणि खोऱ्यात लोकांच्या वापराचा साधा हायवे द्यायचा असं ठरलं. आज त्या टोकाला जो उंचावरचा व्ह्यू दिसतो ना, तो या विरोधाची कृपा.

दोन-तीन वर्षांत पुरा? सप्टेंबर 1935 ला काम सुरू, 1987 ला पुरा. बावन्न वर्षं. साठच्या दशकात ग्रँडफादर माउंटनजवळचे साडेसात-आठ मैल सोडून बाकी झालं होतं, पण डोंगराचा मालक ह्यू मॉर्टन म्हणाला वरून कापत नेऊ देणार नाही, आणि शेवटी डोंगराच्या कडेने जाणारा लिन कोव्ह व्हायाडक्ट हा पूल बांधला. काँक्रीटचे 153 तुकडे, त्यातला फक्त एक सरळ, आणि झालेल्या पुलावरूनच क्रेनने पुढचा तुकडा लावत गेले म्हणजे खालच्या उतारावर रस्ता खणायला नको. काँक्रीटमध्ये आयर्न ऑक्साइडसुद्धा मिसळलं, रंग आजूबाजूच्या खडकाशी जुळावा म्हणून.

निळा रंग मुख्यतः झाडांचा, ओकसारखी झाडं आयसोप्रीन नावाचा वायू सोडतात, त्यापासून हवेत बारीक कण होतात आणि निळा प्रकाश विखुरतो. प्रदूषणाने उलट धूसर पांढरट दिसतं आणि लांबचं दिसेनासं होतं.

राहिला एक दिवस. 469 मैल, स्पीड लिमिट जास्तीत जास्त 45, म्हणजे कुठेही न थांबता दहा तासांच्या वर, आणि न थांबता जायचं असेल तर शेजारून इंटरस्टेट हायवे आहे की. पार्कवेवर पेट्रोल पंप नाही, टाकी खाली गावात भरून घ्या. सप्टेंबर 2024 च्या हेलीन वादळात नॉर्थ कॅरोलायनात जागोजागी दरडी कोसळल्या, रस्ताच वाहून गेला, त्यामुळे निघण्याआधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर कुठला भाग चालू आहे ते बघा, फॉरवर्डमध्ये नको.