कॅशलेस आरोग्यविमा आहे ना, मग काळजी कसली!

पेशंटला घेऊन पोचलात की आधी ऐसपैस खोली मागा. पैसे विमा कंपनीचे, मन तुमचं. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याला एक टक्क्याची, म्हणजे दिवसाला 5,000 रुपयांची मर्यादा असेल, तर 8,000ची खोली घ्या. वरचे 3,000 खिशातून देऊ, असा तुमचा हिशेब. इतक्या चिल्लरीवर कंपनी थोडीच थांबते! डॉक्टरांची व्हिजिट, सर्जनची फी, थिएटर, नर्सिंग, खोलीच्या वर्गाप्रमाणे ज्याचा ज्याचा दर चढतो ते सगळं आठाला पाच या प्रमाणात मंजूर होतं. असा खर्च दोन लाख झाला, तर 75,000 तुमचे. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही कात्री लावता येत नाही. तरी सरसकट लागलेली दिसलीच, तर गप्प बसा. भांडणं वाईट.

रात्री अडीचला शिकाऊ डॉक्टर विचारील, ‘‘काकांना बीपी कधीपासून?’’ ठोकून द्या, ‘‘झाली की दहा वर्षं!’’ गोळी तीन वर्षांपूर्वी सुरू झालेली असली म्हणून काय झालं? ते वाक्य केसपेपरवर चढतं, आजार पॉलिसीच्या आधीचा वाटू लागतो आणि सकाळी टीपीएची, म्हणजे कंपनीच्या वतीनं क्लेम तपासणाऱ्या संस्थेची, क्वेरी येते: पहिल्या निदानाचा कागद आणा. तो तुम्ही दिवाळीच्या साफसफाईत रद्दीत घातलेला असतोच. पॉलिसी सलग पाच वर्षं चालू असेल, तर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही. पण हे टीपीए डेस्कवर बोलू नका, तिथल्या मुलीला वाईट वाटेल.

राउंडला मोठे डॉक्टर ‘‘आज घरी’’ म्हणाले, की लगेच गाडी बोलवा आणि घरी कुकर लावायला सांगा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024च्या परिपत्रकानं डिस्चार्जच्या मंजुरीला तीन तास दिलेत, हे अगदी खरं. फक्त ते घड्याळ हॉस्पिटलची विनंती कंपनीकडे पोचल्यावर सुरू होतं. त्याआधी उरलेली औषधं वॉर्डातून फार्मसीला परत जायची, लॅबचा हिशेब मिटायचा, डिस्चार्ज समरी टाइप व्हायची आणि तिच्यावर सही व्हायची. सही करणारे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमध्ये. अशा वेळी सिस्टरना ‘‘औषधं परत गेली का?’’ असं विचारणं फार उद्धटपणाचं. कँटीनला जाऊन वडा-सांबार खा. तीन तास उलटून बिल वाढलं, तर वाढीव रक्कम कंपनीनं सोसायची असं तेच परिपत्रक म्हणतं. म्हणूनच विनंती किती वाजता गेली, हे चुकूनही लिहून घेऊ नका.

मंजुरीच्या पत्रात हातमोजे, मास्क असल्या वस्तूंची कपात दिसेल. प्रत्येक नगाचं बिल मागत बसू नका, मागे रांग असते. बऱ्याच पॉलिसींत डिस्चार्जनंतरच्या साठ दिवसांची औषधंही मिळतात; त्यासाठी समरीची प्रत, डॉक्टरांची चिठ्ठी आणि फार्मसीची बिलं लागतात. ती बिलं मात्र औषधांच्या कागदी पिशवीतच राहू द्या, म्हणजे पिशवीबरोबर कचऱ्यात जातील.