टेबलावरच्या कॉम्प्युटरला ५.१ च हवं, असं काही नाही

‘कॉम्प्युटरला स्पीकर घेताय? दोनवाले घेऊन पैसे वाया घालवू नका. स्टिरिओ जुना झाला. सिनेमा आणि गेमला ५.१ सराउंडच लागतो, गाणीसुद्धा सहा स्पीकरवर जास्त खुलतात. वॅट जास्त असलेला सेट बघून घ्या.’ अशा मजकुराचा मेसेज दिवाळीच्या खरेदीआधी फिरतो. (५.१ सराउंड म्हणजे ऐकणाऱ्याभोवती मांडलेले पाच स्पीकर आणि खर्ज वाजवणारा एक सबवूफर.) यंदा मला तो तीन ग्रुपवर आला, आणि त्यावर भरवसा ठेवून आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी सेट आणलाही. तो जोडून द्यायला मी गेलो होतो, म्हणून हे लिहायला बसलो.

काकांकडे लॅपटॉप. त्याला हेडफोनचं एकच भोक. सेटमधून मात्र तीन पिना आलेल्या: हिरवी पुढच्या दोन स्पीकरची, काळी मागच्या दोघांची, नारिंगी मधल्या स्पीकरची आणि सबवूफरची. लॅपटॉपच्या त्या भोकातून डावा आणि उजवा असे दोनच चॅनल, म्हणजे आवाजाचे वेगळे प्रवाह, बाहेर येतात. सेटवरचं एक बटण दाबल्यावर सगळे स्पीकर वाजू लागले, पण मागचे दोन पुढच्यांचीच नक्कल वाजवत होते. म्हणजे काकांना सहा स्पीकरच्या किमतीत स्टिरिओच मिळाला होता, आणि तोही पाठीमागून पुन्हा ऐकू येणारा. खरं ५.१ हवं असेल तर तीन भोकांचं साउंड कार्ड लागतं, नाहीतर एचडीएमआय केबलने जोडायचा रिसीव्हर, म्हणजे प्रत्येक स्पीकरला त्याचा त्याचा आवाज वाटून देणारं यंत्र. मेसेजात याचा उल्लेखच नाही, आणि पेन्शनच्या पैशांतून खरेदी करणाऱ्या माणसाला हे दुकानातही कुणी विचारलं नाही, याचा मला राग येतो.

आता गाण्यांचं. १९८२ साली आलेली ऑडिओ सीडी दोन चॅनलची, आणि आज आपण ऑनलाइन ऐकतो त्यातलंही बहुतेक संगीत दोनच चॅनलचं. काही गाण्यांची सराउंड मिक्स निघतात, पण काकांच्या संग्रहात नाट्यगीतं आणि ख्याल. त्यातलं जुनं तर एकाच चॅनलवर ध्वनिमुद्रित झालेलं. चांगल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणात गाणारा मधोमध बसलेला असतो, तबला एका अंगाला, पेटी दुसऱ्या, तानपुरे मागे पसरलेले. ही बैठक दोन स्पीकर समोर ठेवून ठरवलेली असते. तोच आवाज मागूनही सोडला की बैठक मोडते. काकांच्या खोलीत मी उजवीकडे मान वळवली तर तबला मानेमागून येऊ लागला. त्याला खुलणं म्हणत नाहीत.

‘स्टिरिओ जुना’ हे वयाने खरं आहे. अ‍ॅलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने त्याच्या पेटंटसाठी डिसेंबर १९३१ मध्ये अर्ज केला. पण त्याच्यापुढे प्रश्न सिनेमाचाही होता: पडद्यावरचा माणूस चालत दुसऱ्या टोकाला गेला तरी त्याचा आवाज जागचा हलत नाही, हे त्याला खटकत होतं. स्टिरिओचा विचार चित्राच्या जोडीनेच सुरू झालेला आहे, आणि दोन कान असेपर्यंत तो जुना होण्याचं कारण नाही.

सिनेमाचा मुद्दा मात्र जरा थांबून बघण्यासारखा आहे. पडद्यामागे मधला स्पीकर कशासाठी असतो? कडेच्या खुर्चीवरच्या माणसालाही संवाद पडद्याच्या मध्यातूनच यावेत म्हणून. कॉम्प्युटरपुढे आपण एकटे आणि बरोबर मध्यभागी बसतो. दोन्ही स्पीकरमधून सारखा आवाज आला की कानांना तो मधोमध, मॉनिटरच्या जागी ऐकू येतो. त्यासाठी तिसरं खोकं लागत नाही.

मागच्या स्पीकरांचा प्रश्न जागेचा आहे. ५.१ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीप्रमाणे पाचही स्पीकर ऐकणाऱ्यापासून सारख्या अंतरावर हवेत, आणि मागचे दोन समोरच्या रेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे खांद्यांच्या जरा मागे. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत टेबल भिंतीला टेकलेलं, पाठीमागे पलंग, एका बाजूला कपाट, दुसऱ्या बाजूला दार. काकांकडे एक स्पीकर कपाटावर गेला आणि दुसरा खिडकीच्या गजाला बांधला. पुढचे कानापासून ६० सेंटीमीटरवर, कपाटावरचा १८० वर. अंतर तिप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साडेनऊ डेसिबलने उतरतो. खोलीत भिंती थोडं सांभाळून घेतात, पण तोल जातोच. चांगला रिसीव्हर प्रत्येक स्पीकरचा आवाज आणि उशीर वेगवेगळा जुळवून देतो. स्वस्त सेटवर त्यासाठी फार तर आवाज कमीजास्त करायची एखादी फिरती चकती असते.

हॉलमध्ये सोफा भिंतीपासून पुढे ओढता येत असेल, सिनेमे भरपूर बघितले जात असतील आणि रिसीव्हरचा खर्च झेपत असेल, तर ५.१ जरूर घ्यावा. मागून येणाऱ्या पावसाचा अनुभव दोन स्पीकर देऊ शकत नाहीत, हे मी नाकारत नाही.

गेममध्ये शत्रूची पावलं मागून ऐकू यावीत, हेही रास्त. पण स्पर्धेत खेळणारे हेडफोन लावतात, आणि त्यात प्रत्येक कानाला सहसा एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, असतो. मागचा आवाज कानाच्या पाळीवरून येताना कसा बदलतो, त्याचं गणित करून गेम तो दोन चॅनलमध्येच बसवतो. रात्री घरातले झोपलेले असताना खेळणाऱ्याला तसंही हेडफोनच लागतात.

वॅटबद्दल थोडक्यात: खोक्यावर पीएमपीओ, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा, लिहिलं असेल तर तो आकडा सोडून द्या, तो मोजण्याची कुठलीही सर्वमान्य पद्धत नाही. आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, बघा. तोही दुप्पट झाला तर वाढतात तीनच डेसिबल.

मग पैसे कुठे घालायचे? बजेट सहा हजारांचं असेल तर ते सहा खोक्यांत वाटण्यापेक्षा दोनांत घाला. अगदी चिमुकल्या स्पीकरांचा २.१ सेट (दोन स्पीकर आणि सबवूफर) घेताना जपा: त्यात सबवूफरला खूप वरच्या सुरांपर्यंत वाजावं लागतं, आणि पुरुषाच्या आवाजातला खर्ज टेबलाखालून येतो. घेतलेले दोन स्पीकर मॉनिटरच्या दोन्ही अंगांना, कानाच्या उंचीवर, तोंड आपल्याकडे करून ठेवा. दोघांतलं अंतर आणि आपलं त्यांच्यापासूनचं अंतर सारखं ठेवा. नेहमीचं गाणं लावून डोळे मिटा. गाणारा मधोमध दिसायला हवा. दिसला नाही, तर आधी स्पीकर हलवा.

आणखी एक, कारण ही तक्रार मी नेहमी ऐकतो: सिनेमात पार्श्वसंगीत दणदणीत आणि संवाद गायब. याचं एक कारण असं असू शकतं: स्पीकर दोनच जोडलेले असतात आणि विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये ५.१ निवडलेलं असतं. संवाद मधल्या चॅनलवर जातात आणि तिथे स्पीकरच नसतो. ‘स्टिरिओ’ निवडा, ते परत येतात.

काकांच्या खोलीत शेवटी पुढचे दोन आणि सबवूफर एवढेच ठेवले, सबवूफर बराच कमी करून. पुढच्या दोघांखाली जुने दिवाळी अंक रचून ते कानाच्या उंचीला आणले. मग त्यांनी एक नाट्यगीत लावलं, आणि ते संपेपर्यंत आम्ही दोघं बोललो नाही. बाकीचे स्पीकर खोक्यात परत भरलेत. मुलाच्या नव्या घरी हॉल मोठा आहे, तिथे लावू म्हणतात.