चिप म्हणजे जीपीएस नव्हे हो!

कुत्रं हरवलं की प्रश्न ठरलेला: ‘चिप आहे ना, मग लोकेशन बघा की!’ अहो, कुत्र्याच्या कातडीखाली ओळखीसाठी बसवलेली, तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप, आत बॅटरीच नाही. स्कॅनर अगदी जवळ धरला तर १५ आकडी नंबर दिसतो, बस्स. आणि त्या नंबरापुढे नोंदवलेला फोन कधीचाच बंद! सिम बदललं की बँकेत धावत जाता, चिपची नोंद मात्र तशीच. स्कॅन करणारेही धन्य! मानेवरून एकदा यंत्र फिरवलं की ‘चिप नाही’ म्हणून मोकळे. ती सरकते हो! खांदे, छाती, पुढचे पाय, सगळीकडे सावकाश फिरवा. आणि ‘कुत्रं सापडलं’ असं पोस्टर लावताना त्यावर त्याच्या सगळ्या खुणा कशाला छापता? एखादी राखून ठेवा, नाहीतर मालक म्हणून कोणीही उभा राहतो.