‘तारा लावल्यावर महिनाभर ब्रश नको’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

रविवारी वर्तकनगरला ताईकडे गेले, तर बेसिनवर भाचीचा ब्रश कोरडा ठणठणीत. शेजारी स्टीलच्या पेल्यात लिंबाची पिळलेली फोड आणि तळाशी न विरघळलेलं मीठ. भाची १३ वर्षांची, वरच्या-खालच्या दोन्ही दातांना तारा लावून १९ दिवस झालेले. “मावशी, मला महिनाभर ब्रश करायचा नाहीये,” ती म्हणाली. का, असं विचारलं तर तिच्या आजीने, म्हणजे माझ्या आईने, मोबाइल पुढे केला. भजनी मंडळाच्या ग्रुपवरचा मेसेज. वर ‘एका मोठ्या डॉक्टरांचा सल्ला’, खाली नाव नाही, गाव नाही, दवाखाना नाही.

त्यात काय आहे ते थोडक्यात सांगते. ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरून ठेवणारा छोटा तुकडा) चिकटवलेला गोंद महिनाभर ओला असतो, तोवर ब्रश करू नका, त्याऐवजी लिंबू-मिठाच्या पाण्याने दिवसातून चार वेळा चुळा भरा. सहा महिने काही चावून खाऊ नका, दूध-बिस्किट, फळांचा रस, ग्लुकोजचं पाणी यावर राहा. अगदीच चावावंसं वाटलं तर नैसर्गिक पदार्थ चालतील: ऊस, पेरू, गुळाची चिक्की. तार टोचली तर घरच्या नेलकटरने कापा. गरम-थंड खाल्लं की तार ढिली पडते आणि दात उलटे सरकतात. हळदीने ब्रेसेस कायमच्या पिवळ्या होतात.

आईवर मी चिडले नाही. ताई आणि भावोजी दोघंही सकाळी आठला घराबाहेर पडतात, दिवसभर नातीचं सगळं आई बघते. डॉक्टरांनी दिलेला सूचनांचा कागद ताईच्या फाइलमध्ये होता, तो आईने पाहिलेलाच नव्हता. “अगं, डॉक्टरांनीच लिहिलंय ना हे?” एवढंच ती विचारत होती. चीड आली ती हे लिहून सोडून देणाऱ्याची.

भाचीला खिडकीशी उभं करून मी मोबाइलचा टॉर्च लावला. वरच्या उजव्या सुळ्यावरच्या ब्रॅकेटच्या खालून हिरडीपर्यंत पिवळट पांढरा थर बसला होता, भिजलेल्या बिस्किटाच्या लगद्यासारखा. ओल्या कापसाने हलकेच पुसला, तर थर निघाला आणि कापसाला रक्त लागलं. हिरडीची कड सुजून लालभडक. तारा लावायच्या आधी या मुलीच्या हिरड्यांतून कधी रक्त आलेलं नव्हतं.

सोमवारी डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी सगळं साफ केलं, हवेच्या फवाऱ्याने दात वाळवला आणि आरसा तिच्या हातात दिला. ब्रॅकेटच्या कडेने खडूसारखी एक बारीक पांढरी रेघ. ओल्या दातावर दिसत नव्हती, वाळल्यावर दिसली. इनॅमल, म्हणजे दाताचं बाहेरचं कठीण आवरण, विरघळायला लागल्याची ती पहिली खूण.

आता त्या ओल्या गोंदाबद्दल. तो गोंद नसतो, निळ्या प्रकाशाने घट्ट होणारं कॉम्पोझिट असतं. प्रत्येक दातावर काही सेकंद तो दिवा धरतात आणि ते तिथेच कडक होतं. पेशंट खुर्चीवरून उठायच्या आत पहिली तार बसवून तिचा ताण त्या ब्रॅकेटवर दिलेला असतो. जो ब्रॅकेट दात सरकवणारा ताण सोसतो, तो मऊ ब्रशने कसा निघेल? ब्रॅकेट निघतात ते चिक्कीने, हाडाने, पेनचं टोपण चावण्याने. ब्रश पहिल्या रात्रीपासून करायचा, उलट आधीपेक्षा जास्त वेळ करायचा. दात दुखत असतील तर हात हलका ठेवायचा, पण करायचा.

न केल्याने काय होतं हे फार पूर्वी मोजून झालेलं आहे. १९८७ साली अमेरिकन जर्नल ऑफ ऑर्थोडॉन्टिक्स अँड डेंटोफेशियल ऑर्थोपेडिक्स या नियतकालिकात ओ’रायली आणि फेदरस्टोन यांचं संशोधन छापून आलं. उपचारासाठी जे दात पुढे काढायचेच होते, त्यांवर त्यांनी ब्रॅकेट चिकटवले, महिनाभर ते दात तोंडात राहू दिले, मग काढले, चिरले आणि इनॅमलचा कठीणपणा मोजला. अवघ्या एका महिन्यात ब्रॅकेटच्या भोवतालचं खनिज कमी झालेलं आढळलं, आणि नुसत्या डोळ्यांना ते धड दिसतही नव्हतं. फ्लोराइड असलेली नेहमीची उत्पादनं वापरली तर ही झीज थांबवता येते, हेही त्याच अभ्यासात दिसलं. म्हणजे हा मेसेज जो महिना ब्रश आणि पेस्टशिवाय काढायला सांगतो, त्याच महिन्यात नुकसान सुरू होतं. मला या विषयात आणखी दहा पुरावे नकोत, हा एक पुरे आहे.

त्यावर लिंबू. पीएच जितका कमी तितकं आम्ल जास्त; इनॅमल साधारण ५.५ च्या खालच्या पीएचला विरघळायला लागतं, लिंबाच्या रसाचा पीएच २ च्या आसपास असतो. पाणी घालून तो थोडा वर चढेल, पण सुरक्षित होणार नाही. आम्ल दाताचं काय करतं हे बघायला लांब जायला नको. ब्रॅकेट चिकटवायच्या आधी डॉक्टर दातावर फॉस्फरिक आम्ल लावतात, अर्ध्या मिनिटाच्या आत पृष्ठभाग खरखरीत होतो आणि कॉम्पोझिट धरून बसतं. लिंबू तेवढं जहाल नाही हे मान्य. पण डॉक्टर ते मोजून, ठरलेल्या जागी, एकदाच लावतात आणि धुऊन टाकतात. इथे एक मुलगी रोज चार वेळा, सगळ्या तोंडात, १९ दिवस आम्ल घोळवत होती.

मिठाचं पाणी मात्र बरोबर आहे, ते नाकारून चालणार नाही. नव्या तारेने गाल सोलवटले असतील तर कोमट पाण्यात मीठ घालून चूळ भरल्याने आराम पडतो. फक्त त्यात लिंबू पिळायचं नाही आणि त्याला ब्रशचा पर्याय समजायचं नाही. पोह्यांवर, वरणभातावर लिंबू पिळून खायला काहीच हरकत नाही.

पातळ खाण्याचा सल्ला वाचून आधी मलाही तो निरुपद्रवी वाटला होता. पण पदार्थ काय सांगितलेत ते बघा: बिस्किट बुडवलेलं दूध, रस, ग्लुकोज. तोंडातले जीवाणू साखर खाऊन आम्ल तयार करतात आणि प्रत्येक घोटानंतर ते आम्ल बराच वेळ दातांवर काम करत राहतं. भाचीच्या अभ्यासाच्या टेबलावर ग्लुकोजच्या पाण्याची बाटली होती, ती दुपारभर घोट घोट पीत होती. साखर थांबत नाही, लिंबाचं आम्ल वरून येतं, ब्रश बंद. हे तिन्ही एकाच मेसेजने एकाच मुलीला करायला लावलं. दात किडवायचेच असं ठरवलं असतं तरी याहून वेगळं काही सांगता आलं नसतं.

आणि सहा महिने कशासाठी? तार लावल्यावर किंवा बदलल्यावर दात ठणकतात ते तीन-चार दिवस, फार तर आठवडाभर. तेवढे दिवस मऊ भात, खिमट, इडली, उपमा, दह्यात कुस्करलेली पोळी. मग हळूहळू नेहमीचं जेवण. उपचारच बहुधा दीड-दोन वर्षांचा असतो, वाढत्या वयाच्या मुलीला त्यातले सहा महिने बिस्किटांवर कसं काढायला सांगता? १९ दिवसांत भाचीने डाळ-भाजी जेमतेम दोनदा खाल्ली होती.

मी स्वतः ३४ व्या वर्षी तारा लावल्या आणि २२ महिने त्या घेऊन ठाणे–वाशी लोकलने ऐरोलीला नोकरीला गेले. डबा रोजचाच होता: पोळीचे लहान तुकडे, शिजलेली भाजी, कधी आमटीत कुस्करलेली ताजी भाकरी. पापलेट, सुरमई खुशाल खायचे, कोंबडी हाडापासून सोडवून. सफरचंद पटाशीच्या दातांनी तोडायचं नाही, पातळ काप करून मागच्या दातांनी चावायचं. मिसळसुद्धा खाता येते, फरसाण आधी रश्श्यात चांगलं भिजू द्यायचं. पावसात उपवनला कणसाच्या गाडीपाशी सगळे जण कणसाला तोंड लावतात तेव्हा वाईट वाटतं, तर घरून उकडलेले दाणे डब्यात न्यायचे. मी तेच केलं. डब्याच्या पिशवीत ब्रश आणि दातांच्या फटीत शिरणारा तो बारीक काडीसारखा ब्रश कायम असायचा. जेवण झालं की वॉशरूममध्ये तीन मिनिटं. ब्रश करायची सोय नसेल तिथे साध्या पाण्याने खळखळून चूळ.

कडक आणि चिकट खाऊ नका, हे त्या मेसेजमध्ये कुठेच धडपणे नाही, आणि खाण्याबद्दल खरी सूचना तेवढीच आहे. ‘नैसर्गिक’ म्हणून त्यांनी चिक्की सुचवली. चिक्की गुळाची आहे की साखरेची, हे ब्रॅकेटला कळत नाही. ती कडक म्हणून ब्रॅकेट उपटते आणि चिकट म्हणून तारेखाली अडकून बसते. ऊस सोलताना तर सगळा जोर पुढच्या दातांवर येतो. पेरूच्या बिया तारेमागे रुततात. फुटाणे, पॉपकॉर्न, कडक चकली, सुपारी, बोरं, टॉफी, बर्फ चावणं, हे तारा निघेपर्यंत बंद. संक्रांतीला मऊ गुळपोळी खा, कडक तिळाची वडी नको. ब्रॅकेट निघाला की त्या दाताचं काम तेवढे दिवस थांबतं आणि उपचार लांबतो.

नेलकटरबद्दल मला फार काळजी वाटते, कारण हे कुणीतरी खरंच करेल. तार तोंडात कापली की तुटलेला तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही, तो घशात गेला तर? डॉक्टरांकडे तारेच्या मागच्या टोकासाठी वेगळी कटर असते, ती तार कापते आणि तुटलेला तुकडा धरूनही ठेवते. घरी करायचं ते असं: टोचणारी जागा कापसाने कोरडी करायची, डॉक्टरांनी दिलेल्या मेणाची मुगाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी गोळी वळून त्यावर दाबायची आणि फोन करून जायचं. मेण चुकून पोटात गेलं तरी अपाय नाही. तुकडा किंवा ब्रॅकेट गिळला गेला आणि खोकल्याची उबळ थांबेना किंवा श्वास अडकला, तर वाट न बघता हॉस्पिटल गाठायचं.

गरम-थंडाच्या मुद्द्यात एक कण सत्य आहे. सुरुवातीच्या तारा बहुतेकदा निकेल-टायटॅनियमच्या असतात, आणि त्यांतल्या काही तापमानाप्रमाणे ताण बदलतात: थंड पाण्याने जराशा सैल, गरम चहाने जराशा ताठ. तोंडाचं तापमान नेहमीसारखं झालं की ताणही पूर्ववत होतो. दात सरकतो तो मुळाभोवतालचं हाड एका बाजूने झिजून दुसऱ्या बाजूने भरलं जातं म्हणून, आणि त्याला आठवडे लागतात. एका आइस्क्रीमने तो मागे जात नाही.

हळदीचंही तसंच. ब्रॅकेटवर तार धरून ठेवणारी पारदर्शक रबरं पिवळी पडतात, हे खरं. ती दर चार-सहा आठवड्यांनी बदलतात, धातू पिवळा होत नाही. वरण सोडू नका, गडद रंगाची रबरं मागून घ्या.

भाचीच्या दाताला डॉक्टरबाईंनी फ्लोराइडचा लेप दिला आहे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलं आहे. सोमवारी रात्री आईने तिला जवळ बसवून, कागदावरची प्रत्येक ओळ मोठ्याने वाचून ब्रश करायला लावला. मग मंडळाच्या ग्रुपवर स्वतः टाइप केलं: “मी पाठवलेला दातांचा मेसेज चुकीचा आहे. माझ्या नातीच्या दातावर डाग पडला. कुणी करत असेल तर आज बंद करा.” दहा मिनिटांत कोपरीहून एका काकूंचा फोन आला. त्यांच्या नातवाचं लिंबूपाणी आठ दिवस चालू होतं.