मोस्ट व्हर्बोज

गेल्या रविवारी आमच्या सोसायटीचा वर्धापनदिन झाला. माझ्याकडे आभारप्रदर्शन होतं, वेळ दोन मिनिटं. सेक्रेटरींनी माइक घेतला आणि खास इंग्रजीत माझी ओळख करून दिली, "नाऊ, अवर मोस्ट व्हर्बोज स्पीकर!" टाळ्या पडल्या. तिसऱ्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी मुलगी तेवढी फिस्सकन हसली. म्हणजे अर्थ कळणारे आम्ही दोघंच.

नंतर वड्यांच्या टेबलापाशी मी त्यांना गाठलं.

"साहेब, व्हर्बोज म्हणजे पाल्हाळिक."

"छे हो! व्हर्ब म्हणजे क्रियापद. ज्याच्या बोलण्यात क्रियापदं ठासून भरलेली, तो व्हर्बोज. थोडक्यात, क्रियाशील."

"मूळ लॅटिन व्हर्बम. त्याचा अर्थ नुसता शब्द."

"मग झालं की! शब्दप्रभू."

"शब्द फार आणि मुद्दा नाही, असा त्याचा अर्थ आहे. टोमणा आहे तो!"

"टोमणा असता तर ॲपने सकाळी सकाळी शिकवला असता का?" वड्याचे तेलकट हात रुमालाला पुसून त्यांनी मोबाइल काढला. रोज एक शब्द. गुरुवारी इलोक्वंट, शुक्रवारी लोक्वेशस, शनिवारी गॅरुलस, रविवारी व्हर्बोज. "सगळे बोलण्याचेच शब्द आहेत. तुम्हाला आजचा ताजा दिला."

"मग इलोक्वंट का नाही दिलात? तो तरी कौतुकाचा आहे."

"तो गुरुवारचा ना!"

जसा काही पाव. शिळा नको म्हणून माणसाने माझी अब्रू ताजी ताजी काढली.

इलोक्वंट आणि लोक्वेशस हे दोघं तसे सख्खे भाऊ, 'लोक्वी' म्हणजे बोलणे या एकाच लॅटिन क्रियापदाच्या पोटचे. एक नावाजलेला वक्ता झाला, दुसरा पारावर बसून तोंडाची टकळी चालवत राहिला. बॉम्बास्ट म्हणजे पोकळ, फुगवलेलं बोलणं, त्यात तर बॉम्ब नाहीच. मूळ अर्थ कपड्यांत भरायचा कापूस. पुढे तो भाषणांत भरू लागले. सेक्रेटरींनी त्या दिवशी प्रास्ताविकात चाळीस मिनिटं गादी भरली. पाण्याच्या टाकीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं त्यांनी आकड्यांसकट वाचून दाखवली. ते मात्र व्हर्बोज नाहीत!

१८६३ साली अमेरिकेत गेटिसबर्गला सैनिकांच्या दफनभूमीच्या समारंभात मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले आणि त्यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष लिंकन जेमतेम दोन मिनिटं. दुसऱ्याच दिवशी एव्हरेट यांनी लिंकनना पत्र लिहून कबुली दिली, की तुम्ही दोन मिनिटांत गाभ्याच्या जितके जवळ गेलात तितका मी दोन तासांत गेलो असतो तर धन्य झालो असतो. दोन मिनिटं मलाही होती. पण लिंकनच्या भाषणात वडे आले नव्हते. माझं मंडपवाल्यापर्यंत येतंय तोवर पहिल्या तीन रांगा उठल्या, आणि साउंडवाल्याने माझ्या पायाखालची वायर गुंडाळायला घेतली.

खरा राग वड्यांचा नाही. बहात्तर फ्लॅट, एकूण एक मराठी. भांडणं मराठीत, पार्किंगच्या नोटिसा मराठीत, आणि कुणाचं कौतुक करायचं म्हटलं की इंग्रजी. पाल्हाळ, गुऱ्हाळ, चऱ्हाट असा भरलेला संसार आपल्या घरात असताना अपमानही बाहेरून मागवायचा! चऱ्हाट म्हणाले असते तर निदान सगळे हसले असते, मीही चिडून दोन शब्द सुनावले असते. इथे मी हात जोडून 'धन्यवाद' म्हणालो. चक्क धन्यवाद!

काल वॉचमन सन्मानपत्र देऊन गेला. फ्रेम केलेलं, सोनेरी अक्षरांत 'उत्कृष्ट व्हर्बोज वक्ता'. मी ते घेऊन तडक सेक्रेटरींकडे गेलो. ते म्हणाले, "आता बदलता नाही येणार, फ्रेमचे एकशेऐंशी रुपये खर्चात पडलेत." बायकोने ती टीव्हीच्या वर लावली आहे. ऑफिसातलं काही सांगायला लागलो की ती एक अक्षर बोलत नाही, फक्त वर बघते.