नाकासमोर

मी मूळचा नाकासमोर चालणारा माणूस. चोवीस वर्षं ते पुढे, मी मागे, एवढाच आमचा संबंध. सर्दी झाली की काय ती भेट. मग एका रविवारी मी प्रोफाइलचा फोटो बदलायला घेतला.

पहिल्या सेल्फीत आधी नाक आलं, मागून मी. हनुवटी खाली घेतली, मान तिरकी केली, गाल आत ओढले. "दाढ दुखतेय का रे?" आईनं दारातून विचारलं. एकूण त्रेचाळीस फोटो निघाले. शेवटच्या पाच-सहांत मी चोरीचा माल काढून द्यायला तयार झालेला दिसतो.

रात्री अंथरुणात पडून इतरांची नाकं बघत बसलो. हा उद्योग वैऱ्यानंही करू नये. आपण कुठं किती वेळ रेंगाळतो त्यावर ॲपचा डोळा असतो. दोन-चार नाकांवर माझा अंगठा अडला, तर त्याला वाटलं, या गड्याला नाकांचाच नाद दिसतोय. मग सुरू झालं : नाकाचे व्यायाम, नाकाच्या शस्त्रक्रिया, आधीचं नाक, नंतरचं नाक. मधूनच एक उघडाबंब तरुण येई. त्याच्या पोटाला सहा कप्पे. माझ्या पोटालाही कप्पा आहे. एकच, पण ऐसपैस.

लिऑन फेस्टिंजर या मानसशास्त्रज्ञानं १९५४ मध्येच मांडून ठेवलंय की, नक्की मोजमाप हाताशी नसलं की माणूस स्वतःला दुसऱ्यांशी ताडून बघतो, तेही शक्यतो आपल्यासारख्यांशी. पण त्या काळी दुसरे म्हणजे आजूबाजूची माणसं. ती कधीतरी शिंकत असतील, जांभया देत असतील. माझ्या फोनमधलं कुणी आजवर शिंकलेलं नाही.

शेवटी फिल्टरला शरण गेलो. नाक बारीक केलं. हात लागलाच आहे तर कंबरही आत घेतली, आणि फोटो टाकून दिला. सातव्या मिनिटाला मित्राचा मेसेज : "फोटो झकास. पण तुमच्या दाराला काय झालं?" बघतो तर माझ्या कमरेबरोबर मागची चौकटही आत गेलेली! फोटो काढून टाकला. अकरा लाइक आले होते, तेही बुडाले.

ताई म्हणाली, "गाढवा, नाक नाही, हात आखूड आहे तुझा." लेन्स जवळ असली की कानांपेक्षा नाक तिला बरंच जवळ पडतं, म्हणून ते फुगतं. २०१८ मध्ये काही डॉक्टरांनी याचं गणितच मांडलं : बारा इंचांवरून घेतलेल्या सेल्फीत पुरुषाचं नाक चेहऱ्याच्या मानानं सुमारे ३० टक्के रुंद दिसतं, पाच फुटांवरून हा फरक जवळपास उरत नाही. म्हणजे गेले आठ दिवस मी ३० टक्के परक्या नाकाचं दुःख वाहत होतो.

ताईनं पाच फूट मागं सरून फोटो काढला. नाक खरंच बरं होतं. अगदी घरचं वाटलं. पण सेल्फीत गालांमागं दडून बसणारं काहीतरी आता दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं.

"ताई, माझे कान पहिल्यापासून एवढेच आहेत?"

"तुला कान आहेत?" फोन माझ्या हातात देत ती म्हणाली. "हाका मारताना कधी जाणवलं नाही."